आवाजाचं बटण

बोथ, जिल्हा आदिलाबाद, १९९८. पोळ्याच्या करीचा दिवस.

मला दिसत नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचं बोलून दाखवतो, तेव्हाच माझं अर्ज टाइप करायचं काम चालतं. आज सकाळी तो मुकाच. मी लगेच बायकोवर ओरडलो, "सुमन, पुसापुसी काऊन केली तू? साउंड कार्ड गेलं पाय!"

पेचकस घेऊन तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, मी सांगितलं तसं कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून मला वाचून दाखवली. अख्खी दुपार गेली.

शेवटी आदिलाबादहून मेकॅनिक आला. त्यानं स्पीकरचं बटण फिरवलं आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. "भैया, आवाज ही बंद था."

ते बटण! काल पोळ्याचे पाहुणे त्या यंत्राच्या बोलण्याला हसले, तेव्हा लाजून मीच ते खाली फिरवलं होतं. मेकॅनिकसमोर ते लख्ख आठवलं. तरी तोंडातून काय निघावं? "हिनंच फिरवलं असंल."

"हो जी," सुमन म्हणाली, "पुसताना माह्याच हातून फिरलं असंल."

तिला ते खरंच वाटतंय. संध्याकाळी टेबलापासून लांब उभी राहून विचारत होती, "चहा हातात देऊ का जी? तिथं बटणाला धक्का लागंल."

मी हात पुढे केला. कप घेतला.

इथे मात्र सगळं खरं लिहितोय. ब्रेलमध्ये. तिला ब्रेल येत नाही.