खाली ठेवलेला पेला

रुवी, मस्कत
शुक्रवार, दुपार

प्रिय वैजयंती,

मघाशी फोनवर आपण सोळा मिनिटं बोललो. पाण्याच्या टाकीचं झाकण, आपल्या केतकीच्या नाशिकच्या घरातली ओल, तुझा डावा गुडघा, असं सगळं बोलून झालं आणि ज्यासाठी मी फोन लावला होता तेवढंच राहिलं. फोन ठेवल्यावर खोलीत चार फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, उकाडा आत आला म्हणून पुन्हा लावून घेतली आणि अखेर कागद घेऊन बसलो. शाळेशी आणखी दोन वर्षांचा करार करणार, असं मी तुला जानेवारीत सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्यावर सही व्हायची होती. ती झालेली नाही. का झाली नाही, ते तुला नीट, क्रमाने कळावं अशी माझी इच्छा आहे, कारण त्यापुढचं सारं त्यावर उभं आहे.

गेल्या शुक्रवारी नमाजानंतर हमूदने सीबमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं होतं. आता शाळा त्याच्या नावावर असली, तरी मला तो अजूनही आपल्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी भेटलेला, वडिलांच्या मागे फायली घेऊन चालणारा तरुणच वाटतो. मी दोन वर्षं राहतो म्हणून शब्द दिला, त्या आनंदाचं ते जेवण होतं. तू त्या घरी कितीतरी वेळा जेवलीस, पण आतल्या खोलीत, हमूदच्या आईबरोबर, म्हणजे झुवैनाकाकूंबरोबर. पुरुषांच्या मजलिशीत काय चालतं, ते तू कधी पाहिलं नाहीस आणि मीही कधी सविस्तर सांगितलं नाही. आज सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझ्या हातून काय घडलं ते तुला समजणार नाही.

पहिल्या जेवणाची गोष्ट तेवढी तुला ठाऊक आहे. परातीएवढं मोठं ताट मध्ये, भोवती सात जण मांडी घालून, प्रत्येकाने आपल्या समोरचा भात खायचा. पानात काही टाकू नये या आपल्याकडच्या शिस्तीत वाढलेला मी. माझ्या समोरचा भाग मी शितासकट स्वच्छ केला. तिथे मात्र रिकामी जागा म्हणजे पाहुणा अजून भुकेला. हमूदचे वडील शेजारून भात ढकलत राहिले, मी संपवत राहिलो, ते पुन्हा ढकलत राहिले. दोन सभ्य माणसं एकमेकांच्या सभ्यतेखाली चिरडली जात होती. शेवटी खल्फानकाका, म्हणजे हमूदचे चुलते, वडिलांना म्हणाले की थांब आता, नाहीतर या उस्तादाला घरी न्यायला उंट लागेल. मी मांस खात नाही, हेही तेव्हा त्यांना कळलं आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी मांसाचा रस्सा न घातलेल्या भाताचं वेगळं पातेलं त्या घरात चढू लागलं. ते आजतागायत चढतं. झुवैनाकाकू आता एक्क्याऐंशींच्या आहेत. चुलीशी सून असते, पण त्या पातेल्यात कुणी चुकून चमचा बुडवू नये म्हणून त्या स्वतः खुर्ची टाकून बसतात. शिवाय दाराआडून मला रागावतातही. वजन का उतरलं, शर्टाचं बटण का तुटलं, गेला महिनाभर कुठे होतास.

आता कॉफीविषयी. जेवणाआधी खजूर, जेवणानंतर हलवा आणि दोन्ही वेळा कॉफी, हे तू जाणतेसच. वाढणारा उजवीकडून येतो आणि बिनदांडीच्या पेल्यात जेमतेम तळ झाकेल एवढीच ओततो. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे पी आणि नीघ. पुरे झालं की पेला मनगटाने हलवायचा. न हलवता परत केला तर पुन्हा भरला जातो. इथपर्यंत नवा माणूसही आठवड्याभरात शिकतो. पण आणखी एक रीत आहे, जी क्वचितच वापरली जाते. पाहुण्याने कॉफी घेतली आणि न पिता पेला समोर खाली ठेवला, तर त्याचा अर्थ त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचं आहे. मग बैठक थांबते. यजमानाने विचारायचं, पाहुण्याने मागायचं आणि शक्य कोटीतलं असेल तर यजमानाने द्यायचं. त्यानंतरच पाहुणा कॉफी पितो. चारचौघांत नाही म्हणणं त्या घराला कमीपणा आणतं, म्हणून शहाणा माणूस असा पेला उगाच ठेवत नाही. मुलीला मागणी घालायला आलेले लोक ठेवतात, भांडण मिटवायला आलेले ठेवतात. शाळेत नवे शिक्षक येतात तेव्हा मी फळ्यावर बाण काढून त्यांना हे शिकवतो आणि बजावतो की कॉफी गरम लागली तर हातात धरून बसा, पण खाली ठेवू नका.

हे मी स्वतः एकवीस वर्षं पाळलं. रुवीत बशीरच्या खानावळीत चहाचा पेलासुद्धा मी रिकामा झाल्याखेरीज टेबलावर टेकवत नाही. बशीर हसतो. तो म्हणतो की मास्तर दर वर्षी कायमचे जायला निघतात आणि दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त भात घेतात. त्याच्या लांब टेबलाशी आम्ही एके काळी अकरा जण जेवायला बसायचो. कुणी पालक्काडला गेला, कुणी सियालकोटला, एक जण मनिलाला. आता मी आणि दोन अनोळखी मुलं असतो. मुलं फोनकडे बघत जेवतात आणि मी ताटाकडे.

तर गेल्या शुक्रवारी हलवा झाला, बोटं पुसून झाली आणि कॉफी फिरू लागली. हमूद फार खुशीत होता. वरच्या वर्गाची प्रयोगशाळा नव्याने कशी बांधायची, हे तो माझ्या नावाने सगळ्यांना सांगत होता. पहिला पेला मी प्यालो, दुसरा हातात आला. तेवढ्यात खल्फानकाकांनी सहज विचारलं की आणखी दोन वर्षं राहतोस हे उत्तम, घरच्यांचं काय म्हणणं आहे? दुसऱ्याच्या बायकोविषयी ते थेट विचारत नाहीत, हे तुला माहीत आहे. घरचे म्हणजे तू.

वैजू, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जानेवारीत तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस, ते मी आठवू लागलो. तू ‘बरं’ म्हणाली होतीस. मग गॅस बंद करून येते म्हणालीस, आलीस आणि आपण केतकीविषयी बोललो. ते ‘बरं’ कसलं होतं, हे मी तिथे सात माणसांत बसून शोधत राहिलो आणि शोधता शोधता पेला खाली ठेवला.

बैठक थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं. चटकन उचलून प्यालो असतो, चुकलं म्हणालो असतो, तर हसण्यावारी गेलं असतं. माझा हात पुढे झालाही होता. पण हमूद सरळ होऊन बसला, त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि अगदी त्याच्या वडिलांच्या स्वरात म्हणाला, “उस्ताद, माग.”

मी म्हणालो, “मला जाऊ द्या.”

अरबीत ते दोनच शब्द होतात. माझ्याच तोंडून निघाल्याचं मला कळायला क्षणभर वेळ लागला. हमूदचा चेहरा उतरला. शब्द मी दिला होता, त्यावर त्याने पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बेतलं होतं आणि आता त्याच्याच घरी, त्याच्याच माणसांसमोर, मी तो परत मागत होतो, तोही त्याला नाही म्हणता येणार नाही अशा रीतीने. ही खरोखर अन्यायाची गोष्ट होती आणि ती मला आठवडाभर टोचते आहे. खल्फानकाकांनी मात्र मांडीवर थाप मारली. म्हणाले, “आम्हाला वाटलं, हा प्रयोगशाळेला मजला मागेल. एकवीस वर्षं आमचं मीठ खाल्लं आणि मागून मागितलं काय, तर दार.” मग सगळे हसले. हमूद सर्वांत शेवटी हसला. “दिलं,” तो म्हणाला. “आता पी, निवली ती.” मी प्यालो.

मी ते मुद्दाम केलं की चुकून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जी चूक होऊ नये म्हणून मी इतरांना बाण काढून शिकवतो, ती माझ्या हातून नुसती चूक म्हणून झाली असेल, यावर माझाच विश्वास बसत नाही.

तुम्ही दोघी मिरजेला गेलात ते केतकीच्या शाळेसाठी. ती शाळा संपली, कॉलेज संपलं, ती नोकरीला लागूनही दोन वर्षं झाली. मग मी इथे कशासाठी थांबलो, असं कुणी विचारलं असतं तर मी मुद्देसूद कारणं दिली असती. आणखी दोन वर्षं राहायचं ठरवलं त्याचं खरं कारण गेल्या दिवाळीतलं आहे. मी आलो त्या सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. तू चहा घेऊन आलीस, पळभर उभी राहिलीस आणि मग दुसऱ्या खुर्चीत बसलीस. ती तुझी रोजची खुर्ची होती, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मला नवा टॉवेल काढून दिलास. जेवताना मला आधी वाढायचीस, माझ्या आवडीचं रोज करायचीस आणि दर दोन घासांनी विचारायचीस, आणखी वाढू का. मी नको म्हटलं की लगेच थांबायचीस. पूर्वी तू माझं ‘नको’ कधी ऐकून घेतलं नव्हतंस. तुझ्या संध्याकाळच्या मैत्रिणी तीन आठवडे आल्या नाहीत. मी निघालो त्या दिवशी, टॅक्सी वळायच्या आत, त्यांतली एक फाटकात शिरताना मी पाहिली. मला राग आला नाही. तू घर चांगलं चालवलं आहेस, माझ्यावाचून चालेल असं चालवलं आहेस. ते तसं चालावं म्हणूनच तर मी इथे होतो.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगतो. तुम्ही गेल्यापासून दर शुक्रवारी फोन ठेवताना तू विचारायचीस, कधी येणार? मी दर वेळी काहीतरी महिना सांगायचो. दिवाळीनंतर तू ते विचारलेलं नाहीस. आधी मला वाटलं, विसरलीस. मग वाटलं, कंटाळलीस. आज सोळा मिनिटं मी त्या दोन शब्दांची वाट पाहिली आणि ते आले नाहीत. मे अखेरीस शाळा संपली की मी मिरजेला येतो आहे, ते ठरलं. आपल्या घरी येऊ की नको, ते मात्र मी ठरवलेलं नाही. तो निर्णय तुझा आहे. ब्राह्मणपुरीत दोन खोल्या भाड्याने मिळतील, अशी चौकशी मी करून ठेवली आहे आणि तिथे मी मजेत राहीन, हे मनापासून लिहितो. हमूदला नाही म्हणण्याची सोय नव्हती. तुला आहे. म्हणूनच फोनवर विचारत नाही. फोनवर तू ‘बरं’ म्हणशील. सवडीने लिही, मनातलं लिही आणि उत्तर ‘नको’ असेल, तर ते एकदाच, स्पष्ट लिही.

टपालाच्या वाटेकडे डोळे लावलेला,
तुझाच,
दिगंबर