कात्री टेबलावर ठेवून

धाकटे,

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू खूश होशील आणि ते मला बघवणार नाही.

माझा हात मोडला म्हणून महिनाभर तू माझं शिवणाचं दुकान सांभाळलंस. ज्या कात्रीला मी वीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, ती खुशाल कारागिरांच्या हाती दिलीस. रोज सहाला कुलूप लावून माझ्याच लेकीशी बॅडमिंटन खेळलीस. एकही गिऱ्हाईक ओरडलं नाही! नुसता जळफळाट झाला माझा.

आज मीही कात्री टेबलावर ठेवून सहाला घरी आले. लेक रॅकेट घेऊन दारातच उभी.

"आई, तू? मला वाटलं, मावशी आली."

मी म्हटलं, "मावशीसारखं येत नाही मला. शिकवशील?"

तुझ्यावर अजून चिडलेली,
ताई