'पुट अप विथ'साठी एक उदाहरण

३ फेब्रुवारी, सकाळी ८
तथ्ये क्रमाने नोंदवितो. एक : पत्नी, शामला, काल दुपारी शहरातच, थाटीपुरला, कन्येकडे गेली. दोन : कन्येकडे जाणे म्हणजे घर सोडणे नव्हे. तीन : भांडण झालेले नाही. चार : माझ्या इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जच्या कोशातील 'पुट अप विथ' हे शेवटचे कार्ड त्यामुळे अपूर्ण आहे. एकतीस वर्षांची पद्धत अशी : चारच्या चहाला अर्थ मी लिहावा, उदाहरण शामलाने, मग मी ते लाल शाईने तपासावे. काल अर्थ लिहून दिला : 'नावडते माणूस अथवा परिस्थिती तक्रार न करता सोसणे.' तिने बराच वेळ वाचला. पेनाला टोपण लावले. बॅग भरली.

रविवारपर्यंत येईल.

४ फेब्रुवारी
उदाहरण स्वतःच रचण्याचा निश्चय. 'ग्वाल्हेरकर मे महिन्यातील लूचे उष्ण वारे सोसतात.' नाकारले, सतत तक्रार करतात. 'मी शेजारच्या विक्रमसिंहांचा कुत्रा सोसतो.' नाकारले, तीन लेखी तक्रारी दिल्या आहेत. मी आयुष्यात काही निमूट सोसल्याचे स्मरत नाही. हा गुणच, कोशाला मात्र निरुपयोगी.

६ फेब्रुवारी, दुपारी ४
चहा केला. दोन कप झाला. मापाची चूक.
तन्वीचा फोन. म्हणाली, बाबा, आई मजे में है, रोज फूलबागेत फिरते, काल पोहे करपले तर खो खो हसली. मी म्हणालो, 'मजे में' हे मराठी नव्हे. ती म्हणाली, बस, यही तो, बाबा. तिने फोन ठेवला. वाक्य अपूर्ण.

८ फेब्रुवारी, रविवार
आली नाही. बस मिळाली नसावी.
नमुन्यासाठी तिची जुनी कार्डे काढली. वाक्ये इंग्रजी, आशय नोंदवितो.
'लुक फॉरवर्ड टू' : ती दिवसभर चार वाजण्याची वाट पाहते. माझा शेरा : बालिश.
'गिव्ह अप' : लग्नानंतर तिने गाणे सोडले. शेरा : कारण अस्पष्ट.
'रन आउट ऑफ' : तिच्याजवळचे शब्द संपले. शेरा : अतिशयोक्ती.
एकूण कार्डे सहाशे बारा. 'छान' असा शेरा अद्याप आढळलेला नाही. शोध चालू आहे.

९ फेब्रुवारी
शोध संपला. ते अपूर्ण कार्ड स्पीड पोस्टाने थाटीपुरला पाठविले. कोशाचे काम ती टाळणार नाही.

१३ फेब्रुवारी, दुपारी ४
कार्ड आले. तिचे अक्षर. आशय : 'एकतीस वर्षे तिने त्याला सोसले.'
लाल पेन घेऊन पाऊण तास बसलो. वाक्य निर्दोष आहे. कोपऱ्यात लिहिले : छान.
पोचपावतीचा मसुदा : सौ. शामला यांस. उदाहरण स्वीकारले. कोश पूर्ण झाला. यापुढे चार वाजता मी काय करावे, याचे उत्तर कृपया लेखी द्यावे. तपासले जाणार नाही.