कागदी पट्टी की जाळीची

कसारा, रविवार, चैत्र, २००७

बाळू मिस्त्री दुपारी शेणव्याहून आला. सुमनच्या खाटेच्या बरोबर वर, छताच्या दोन जिप्सम बोर्डांच्या सांध्याला चीर पडलीय. सुमन माझी बायको, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे तेवढी चीर.

मिस्त्री म्हणाला, "वर पत्रा हाय. ऊन तापलं का सगळं हलतं. सांध्यावर कागदी पट्टी लावा, कायमची टिकंल. पण पुट्टीचा एकेक हात सुकायला टाइम लागतो, तवर वयनींना बाहेर न्यावं लागंल. जाळीची पट्टी लगेच चिकटवून मोकळं. पण ती एक उन्हाळा काढते, जास्त नाय."

सुमनला नुसतं कुशीवर वळवलं तरी ती कळवळते. मग जाळीचीच लाव, एवढं साधं माझ्या तोंडून का निघेना?

शेवटी तीच बोलली. "अवो, जाळीचीच लावा. एक उन्हाळा बास झाला."

चिरेकडे बघत, भाजी किती आणायची ते सांगावं तसं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ते हिला कधी कळलं?

मी मिस्त्रीवरच खेकसलो, "कागदी आण! कागदीच!" तो मान हलवून निघून गेला.

आता उद्या तिला उचलायचं. ती कण्हणार. आणि हे सगळं कशासाठी? पुढच्या उन्हाळ्यात ती चीर मला एकट्याला दिसू नये म्हणून?