अंगठ्यांचं पान

लॉटन, ओक्लाहोमा
सोमवार, सात तारीख

प्रिय डेल्बर्ट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, हे माझं नशीब. आता खुर्चीत नीट बस, चष्मा लाव आणि कॉफीचा कप जरा लांब सरकव, नाहीतर सांडशील. बारा खोकी, डेल्बर्ट! बारा खोकी भरून जुने कॉमिक्स, आणि त्यात अंगठ्यांचं पान! एखाददुसऱ्या अंकात नाही, मी चाळले त्यातल्या जवळजवळ प्रत्येक अंकात. चौदा वर्षांनी लिहितोय आणि तुझी तब्येत, तुझी लेक, विचिटाची थंडी, काही न विचारता एकदम खोक्यांवर आलो. पण मला खरंच दम धरवत नाही. फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय.

सार्जंट हार्लन रेनफ्रो आठवतो ना? लष्करी छावणीतलं भांडार सांभाळायचा. दर शुक्रवारी दुपारी आपल्या कॉमिक्सच्या दुकानात यायचा, मी समोर गल्ल्यावर बसलेला असलो तरी माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचा, “डेल्बर्ट नाही का आज?” फेब्रुवारीत गेला बिचारा. परवा चर्चमधल्या घरगुती खाऊच्या विक्रीत त्याच्या बायकोनं, ओपलबाईंनी, मला गाठलं. म्हणाल्या, “तुम्ही जुनी पुस्तकं घेता ना? गॅरेजमध्ये गाडी शिरत नाही माझी. एकदा येऊन बघून जा.” मला वाटलं असतील पाचपन्नास कुरतडलेले अंक, म्हातारीचं मन राखावं. काल रविवारी जेवण उरकून गेलो. पहिल्या खोक्याचं झाकण काढलं आणि मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर फतकल मारली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय हेसुद्धा विसरलो. नंतर उठवायला बाईंना शेजाऱ्याला बोलवावं लागलं.

काय काय आहे म्हणून सांगू! ज्याच्याकडे बघून लोक नाक मुरडतात ते सगळं, म्हणजे तुझं आवडतं सगळं. नर्स आणि डॉक्टरच्या प्रेमकथा, त्यातली ती हुंदके देणारी मुखपृष्ठं, रंग जसेच्या तसे. भुताटकीचे अंक, ज्यात चित्रकाराचं नावसुद्धा छापायचे नाहीत, पण पावसात भिजलेला रस्ता असा काढलाय की पायाला ओल लागावी. घोडेस्वारांच्या गोष्टी. बोलणारी बदकं. वीज कंपनीनं शाळेत फुकट वाटलेला अंक, तारेला हात लावू नका म्हणून सांगणारा, आणि बुटांच्या दुकानानं बुटांबरोबर दिलेले. ते फुकटे अंक कुणी जपून ठेवले असतील यावर माझा कधी विश्वास नव्हता. तू म्हणायचास, “ऑर्विल, मुखवटेवाले सुपरहिरो सगळेच जपतात, म्हणून ते सगळीकडे आहेत. जे कुणी जपत नाही तेच उद्या सापडणार नाही.” मी हसायचो. काल फरशीवर बसून मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि ओपलबाई म्हणाल्या, “कोणाशी बोलताय?”

आणि हार्लननं प्रत्येक अंकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि शेरा लिहिलाय. पूर्वीचा मी असतो तर खोडरबर शोधला असता, डाग म्हणून किंमत पाडली असती. काल वाचत बसलो. एका प्रेमकथेवर लिहिलंय, “ही पोरगी फसणार.” शेवटच्या पानावर, “फसलीच.” एका भुतावर, “आमच्या कर्नलसारखं दिसतं.” आणि एकावर, “ओपलला वाचून दाखवली. ती झोपली.” हे बाईंना दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मग बराच वेळ त्या तो अंक हातातच धरून बसल्या.

अंगठ्यांच्या पानाबद्दल तुला मी काय सांगणार, पण बाईंना मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. छावण्यांच्या आसपास जे अंक विकायला जायचे, फक्त त्यांच्या मधोमध एक जाड, गुळगुळीत पान पिनांत अडकवलेलं असायचं. सोनाराची जाहिरात. घरापासून लांब असलेल्या पोरसवदा शिपायानं अंगठी निवडावी आणि ती टपालानं त्याच्या मैत्रिणीकडे जावी. बाकी देशभर तोच अंक, पण ते पान नाही. आणि आपण दुकानदार मंडळी काय करायचो? पिना उकलायचो, पान ओढून काढायचो, पिना परत दाबायचो. “अंक साफ केला” म्हणायचो! मी एका दमात चाळीस साफ करायचो आणि तू पलीकडे बसून कळवळायचास. आता तीच पानं लोक शोधत फिरतात, कारण आपल्यासारख्यांनी ती शिल्लकच ठेवली नाहीत. अंक उघडायचीही गरज नाही, तू दाखवायचास तसा कडेवरून अंगठा फिरवला की मधे जाड लागतं. काल अंगठा फिरवत गेलो. जाड. जाड. पुन्हा जाड. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला.

मी असा हुरळून पिनांकडे निरखून बघतोय, तेवढ्यात ओपलबाईंचा आवाज चढला. “हात काढा त्याच्यावरून! पानं फाडणारे ते तुम्हीच ना? हार्लन सांगायचा मला.” माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. सबंध गावात मी हवालदाराच्या बापालाही न घाबरणारा माणूस, आणि पाच फुटी म्हातारीनं मला मांजरासारखं बाजूला केलं. मग कळलं, डॅलसचा एक व्यापारी आधीच येऊन गेलाय. पांढरे हातमोजे घालून आला, मुखवटेवाल्यांचे तीसेक अंक वेगळे काढले आणि बाकीच्याला रद्दी म्हणाला. बाई त्याला म्हणाल्या, “चाळीस वर्षं मीही याला रद्दीच म्हटलं. पण मी म्हणायचं, तुम्ही नाही.” तरी तो चिकट आहे. शनिवारी दुपारी ट्रक घेऊन येतोय, सगळंच उचलतो म्हणतोय. ते तीस तो ठेवेल आणि उरलेले लगद्याला घालेल, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. बाईंना गॅरेज रिकामं हवंय, मुलाकडे राहायला जायचंय. त्या म्हणाल्या, “हार्लन म्हणायचा, या गावात कॉमिक वाचता येणारा एकच माणूस आहे. त्या डेल्बर्टला येऊन बघू दे, मग त्याला देईन. नाही आला तर ट्रक आहेच.” शनिवारी सकाळी दहा वाजेपर्यंत मुदत आहे. विचिटाहून चार तासांचा रस्ता. पाचला निघालास तर सहज पोचशील.

आता चौदा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं. तू लेकीच्या पदवीदानाला गेला होतास आणि मागे मी तुझे चारशे अंक साफ करून, नव्या पिशव्यांत घालून, बाहेरच्या स्वस्तातल्या मालात लावले. तू आलास, चारपाच पिशव्या उघडून बघितल्यास, कोट घेतलास आणि गेलास. मी गावभर सांगत सुटलो की बघा, माणसाचं काम फुकटात करून द्यावं तर तो रुसून बसतो. तुझ्या अंकांचं खोकं साध्या मालात मिसळलं होतं, मला कसं कळणार, असंही सांगितलं. तुझ्या लेकीला फोनवर तेच सांगितलं. चौदा वर्षं इतक्या वेळा सांगितलं की ऐकणारे कंटाळले. आता निम्म्या दुकानात पोरं पत्त्यांचे डाव मांडतात, कॉमिक्स मागच्या भिंतीला आहेत. तुझ्या खुर्चीवर मी खोकी ठेवतो, म्हणजे कुणी बसत नाही.

काल निघताना बाईंनी दारात अडवून विचारलं, “त्याचे अंक आहेत हे माहीत नव्हतं, की माहीत असून फाडलीत पानं?” मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली आणि दार लावलं. घरी येईपर्यंत त्या मान डोलावण्यानं माझा जीव खाल्ला. आज सकाळी त्यांना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मला कशाला सांगता? त्याला लिहा.” म्हणून हे पत्र, डेल्बर्ट. खोक्यांबद्दल चार ओळींत लिहून झालं असतं. तुझं खोकं मिसळलेलं नव्हतं. त्यावर तुझ्या हातची चिठ्ठी होती, “डेल्बर्टचं आहे, हात लावू नये.” आधी मी ती चिठ्ठी काढली, मग पानं. दुकान माझ्या बापानं दिलेलं, पाटीवर नाव माझं, आणि त्या आठवड्यात सात माणसं येऊन तू नाहीस म्हणून परत गेली. मी मोजली होती. मला तुझा मत्सर वाटत होता आणि तुला दुखवायचं होतं, आणि जमलं. ती चूक नव्हती. बारा खोकी तुझी आहेत, मला त्यातला एक अंकही नको, आणि शनिवारी मी तिकडे फिरकणार नाही, म्हणजे तुला यायला अडचण नको. मी दुकानात असेन. खुर्चीवरची खोकी आज खाली उतरवली आहेत.

तुझा म्हणवून घ्यायला अजून तोंड असलं तर तुझाच,
ऑर्विल