एका गायीला दोघं

४ फेब्रुवारी

कॉलेज! पन्नाशी उलटल्यावर! मुलगी म्हणते, "बाबा, होमवर्क विसरू नका हं." ही हसू दाबत डबा भरत होती. हसा! काच कारखान्यातून काढलेल्यांना पशुपालनाचा कोर्स फुकट म्हणे. म्हणून जायचं.

आणि पुढच्या बाकावर कोण? साहेब! आमच्या शिफ्टचे साहेब — ज्यांनी मला काढलं. तोंडावर सांगायचीही हिंमत नव्हती. गेटवर वॉचमनने अडवलं तेव्हा कळलं मला. पुढे कारखान्याने त्यांनाही नारळ दिला. बरं झालं. फार बरं झालं.

५ फेब्रुवारी

जोड्या लावल्या. एका गायीला दोघं. माझ्या वाट्याला साहेब. नशीबच फुटकं!

११ फेब्रुवारी

धार काढायला शिकवतायत. साहेब गायीला म्हणतात, "अहो, जरा पाय बाजूला घेता का?" अहो! आम्हाला जन्मभर 'ए' म्हणून हाक मारली, आणि जनावराला अहो-जाहो. सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. मी नाही.

१९ फेब्रुवारी

माझ्या हाताला गाय दूधच देत नाही. मॅडम — वयाने माझ्या मुलीएवढ्या — म्हणाल्या, "काका, राग धरून बसलात की ती पान्हा चोरते." राग कुठला! साधा तर बसलो होतो.

मग साहेब बसले. कास धुतली, पुटपुटत राहिले, बादली भरली. हळूच म्हणाले, "ही बादली तुझ्या नावावर सांगू का?" नको म्हटलं. तुमचे उपकार नकोत.

२ मार्च

पाठ धरली. घरी बोललो नाही.

७ मार्च

आजचा धडा — कळपातून कोणती गाय कमी करायची. वय, दूध, पाय बघून. मॅडमनी साहेबांना उभं केलं. ते गायींसमोर नुसतेच उभे. मग म्हणाले, "मॅडम, हे मला नका सांगू." आता सुचतंय! मी पटकन लंगडीकडे बोट दाखवलं. "बरोबर, काका!" छाती फुगली माझी.

परतताना साहेब सोबत चालत होते. "त्या दिवशी मी वॉचमनच्या खोलीतच होतो रे. बाहेर यायला पाय उचलेना." मी भराभर पुढे निघालो.

२० मार्च

कॉलेजच्या गोठ्यात एक पगारी जागा निघालीय. आमच्या दोघांपैकीच एकाला देणार. हिला सांगितलं. लोकांचे कपडे शिवून हिचे डोळे लाल झालेले असतात हल्ली. मशीन थांबवून म्हणाली, "तुम्हालाच मिळायला हवी." मलाही तेच वाटतं. साहेबांनी खाल्लं की आयुष्यभर!

२३ मार्च

मॅडमनी एकट्याला बोलावलं. "तुमचे जोडीदार कामाला कसे वाटतात, काका?"

खरं म्हणजे त्यांची चाहूल लागली तरी गाय त्यांच्याकडे मान वळवते.

मी म्हणालो, "माणूस चांगला. पण गुरांचा माणूस नाही."

बोलून मोकळा झालो. वाईट वाटत नाही. खरंच नाही!

२५ मार्च

जागा मला. मॅडम म्हणाल्या, "साहेबांना तुम्हीच सांगा, काका. तुमच्याकडून ऐकलं की कमी लागेल त्यांना."

गोठ्यातून आवाज येत होता — "अहो, थांबा जरा, तो येईलच आता."

मी चाऱ्याच्या कोठीमागे गेलो, कुंपणाच्या तारेखालून वाकून बाहेर पडलो आणि घरी आलो.