शंभर टक्के बुजगावणं

नेर, मंगळवार

चि. मिताली,

नीळकंठकाकाचे अनेक आशीर्वाद. पुण्यात पोळ्यांची बाई परत आली का? खोकला गेला का? (फोनवर तू "बरी आहे" म्हणालीस, पण मध्ये दोनदा खोकललीस.) इकडे आम्ही दोघं खुशाल. काकूचे गुडघे तेवढे कुरकुरतात; माझी प्रकृती मात्र शंभर टक्के. पत्र मुद्दाम लिहितोय, कारण फोनवर काकू शेजारी बसून दुरुस्त्या सुचवते.

तर, तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी चिपा आणि तारांचा जो संसार मांडलाय, त्याची अब्रू यंदा थोडक्यात वाचली. माझे मित्र किसनराव यांची तूर शेंगेवर आली आणि दिवसाढवळ्या वानरं उतरायला लागली. मी भर चहाटपरीवर शब्द दिला, बोलकं बुजगावणं करून देतो. समोर काही हललं की डबा ओरडेल. आवाज त्यांच्या मंडळींचा, शकुबाईंचा घ्यायचा, हे एकमतानं ठरलं (किसनरावांचं मत सगळ्यात आधी पडलं). रेकॉर्डिंग सुरू केलं, तर बाई आधी विचारतात, "आता बोलू काय?" आणि मग "हटा रे मुडदेहो, माह्या तुरीत कायले शिरता!" असा पट्टा सुटला की माझ्या हातातला चहा सांडला. पहिला प्रश्न कापायचा मी आळस केला.

आठ दिवस वानर फिरकलं नाही. नवव्या दिवशी किसनराव दारात. "साहेब, तुमची मशीन वानराइले परवानगी मागून राह्यली." जाऊन बघतो तर खरंच! डबा "आता बोलू काय?" म्हणायचा, बंद पडायचा, आपोआप सुरू व्हायचा आणि पुन्हा "आता बोलू काय?" समोर शेताच्या बांधावर, धुऱ्यावर अकरा वानरं शेंगा सोलत ऐकत बसलेली. तुरीच्या दोन ओळी साफ झाल्या होत्या. सेल उतरले असतील म्हणून डब्यावरचा छोटा पडदा बघितला, तर तिथं ठसठशीत: बॅटरी १०० टक्के. किसनराव रिकामी झाडं एकेक करून चाचपत पुढे गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुला फोन केला आणि तू हसत सांगितलंस ते अजून डोक्यात आहे. सेल खरंच उतरले होते, मोठ्या ओरडण्याला पुरत नव्हते; पण माझी चिप बॅटरीला बॅटरीच्याच पट्टीनं मोजत होती. बॅटरी उतरली की पट्टीही तेवढीच आखडते, म्हणून आकडा कायम भरलेला. चिपच्या पोटात एक पक्कं माप असतं, बॅटरी चढो-उतरो, ते जागचं हलत नाही. त्याला बॅटरीच्या पट्टीनं मोजायचं. ते जितकं मोठं दिसेल तितकी बॅटरी खाली. ना नवी तार, ना नवा भाग, प्रोग्रॅममध्ये फक्त चार ओळी! आता सेल उतरले की डबा गप्प बसतो आणि लाल दिवा लावून खरं सांगतो. काल नवे सेल टाकून डबा मचाणावर बांधला (चढताना मध्ये जरा बसावं लागलं, ऊन फार होतं) आणि वानरं अशी पळाली की किसनरावांनी मला मिठीच मारली. उरलेली तूर आता घरी येईल.

तुझा,
नीळकंठकाका

ता. क. मचाणाचं काकूला कळवू नकोस.

आणखी ता. क. मिताली, पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याचकडे दिलं. काल ऊन नव्हतं, दिवसभर आभाळ होतं. घराच्या चार पायऱ्या चढतानाही हे मध्ये बसतात. विचारलं की चप्पल नीट करतोय म्हणतात. मला भीती वाटते गं. यवतमाळच्या डॉक्टरांची पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. माझं ऐकणार नाहीत. तू मशीन बघायला येतेस असं कळव आणि आदल्या दिवशी, गुरुवारी ये, म्हणजे तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतील. माझे गुडघे बरे आहेत.
कुंदाकाकू